वेदनेवर विजेचा उतारा



लहान मूल धांवतां धांवतां पडलें आणि त्याचा गुडघा दगडावर आपटला, कीं आई काय करते हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ती तो गुडघा हातानें चोळते, त्यावर हळूच फुंकर घालते आणि 'गेला हं बाऊ' असें म्हणते. मूल रडावयाचें थांबतें. आतां या तीन उपचारांपैकीं गुण कोणत्या उपचारानें आला ? चोळण्यानें, फुंकरीनें, कीं आईच्या शब्दानें ? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु वेदना आणि तिच्यावरील उपचार यांच्या इतिहासांत हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत पुनः पुनः पुढें आलेला आहे, आणि तो न विचारल्यामुळें शहाण्यासुरत्या माणसांचीही फसगत झालेली आहे.

आज मला विजेच्या एका उपयोगाविषयीं बोलावयाचें आहे. विजेनें दिवे लागतात, गिरण्या चालतात, माझा आवाज तुमच्या घरापर्यंत येतो. त्याच विजेनें मनुष्याची वेदनाही शमवितां येईल, ही आशा फार जुनी आहे. या आशेचें अलीकडचें रूप म्हणजे पाठीच्या कण्यांत बसविण्याचें एक लहानसें यंत्र. कमरेचें किंवा पायाचें दुखणें वर्षानुवर्षें सोसून, नाना औषधें घेऊन, एखादी शस्त्रक्रियाही करवून जो मनुष्य थकला, त्याच्या कण्याच्या पोकळींत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, एक बारीक तार सरकवितात. तारेच्या टोंकाशीं धातूचे लहान लहान पट्टे असतात. तिचें दुसरें टोंक पोटाच्या किंवा कुल्ल्याच्या कातडीखालीं पुरलेल्या एका चपट्या डबीला जोडलेलें असतें. डबींत विजेचा सांठा असतो, आणि ती सौम्य विजेचे ठोके मज्जारज्जूकडे एकसारखे धाडीत राहते. हें यंत्र आपल्याकडील मोठ्या शहरांतही बसविलें जातें व त्याचा खर्च कित्येक लाख रुपयांच्या घरांत जातो. ज्या घरांत असा रुग्ण आहे, तेथें एकच प्रश्न विचारला जातो : 'यानें दुखणें थांबेल का ?' उत्तर देण्याचा अधिकार रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा. परंतु तो प्रश्न नीट विचारावा कसा, हें इतिहास आपल्याला शिकवूं शकतो.

हा इतिहास एका माशापासून सुरू होतो. भूमध्य समुद्रांत टॉर्पेडो नांवाचा एक चपटा मासा आहे. त्याला स्पर्श केला, कीं अंगाला झिणझिण्या येऊन हात बधिर होतो. रोमचा बादशहा क्लॉडियस याच्या काळीं स्क्रिबोनियस लार्गस या नांवाचा एक वैद्य होऊन गेला. इ. स. ४७ च्या सुमारास त्यानें औषधयोगांचा एक ग्रंथ लिहिला. त्यांत जुनाट डोकेदुखीवर हा मासा जिवंतच दुखऱ्या जागीं ठेवावा असें सांगितलें आहे. वातरक्तानें पाय ठणकत असतां रोग्यानें समुद्राच्या ओल्या किनाऱ्यावर उभें राहून काळा टॉर्पेडो मासा पायाखालीं घ्यावा, आणि पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतों तेथून हलूं नये, असाही विधि त्यानें दिला आहे. माशाच्या अंगांतील ही शक्ति म्हणजे वीजच, हें सिद्ध व्हावयास पुढें सतराशें वर्षें लागलीं. परंतु ज्या कल्पनेवर आजचें यंत्र उभें आहे, ती त्या किनाऱ्यावर स्पष्ट दिसते : एका संवेदनेनें दुसरी संवेदना झांकून टाकावयाची.

१७४६ च्या सुमारास हॉलंडांतील लायडन शहरीं वीज सांठविण्याची कांचेची बरणी सिद्ध झाली, आणि मासा पकडण्याची गरज उरली नाहीं. युरोपांत आणि अमेरिकेंत जो तो आपल्या अंगांतून वीज खेळवूं लागला. जॉन वेस्लीसारख्या धर्मोपदेशकानें १७६० सालीं विजेच्या औषधी गुणांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. या धामधुमींत एक मनुष्य मात्र सावध राहिला. तो म्हणजे बेंजामिन फ्रँक्लिन. विजेवरील प्रयोगांनीं त्याचें नांव सर्वतोमुखीं झालेलें असल्यामुळें पक्षाघाताचे रोगी दूरदूरच्या गांवांहून त्याच्याकडे येऊं लागले. फ्रँक्लिननें त्यांना विजेचे झटके दिले. पहिले कांहीं दिवस लुळ्या अवयवांत ऊब वाटे, थोडी हालचाल होई, रोगी आनंदित होत. सुमारें पांचव्या दिवसानंतर सुधारणा थांबे, रोगी निराश होऊन घरीं जात, आणि थोड्याच काळांत पूर्वस्थितीवर येत. १७५७ सालीं डॉक्टर जॉन प्रिंगल यांस लिहिलेल्या पत्रांत फ्रँक्लिननें हें सर्व प्रांजळपणें नमूद केलें आहे. टिकाऊ गुण आलेला आपण पाहिला नाहीं. आणि जो तात्पुरता आला, त्यांत विजेचा वांटा किती, रोज चालत येण्याच्या व्यायामाचा किती आणि बरे होण्याच्या आशेचा किती, हें आपणांस सांगतां येत नाहीं, असा त्याचा आशय आहे. पक्षाघात आणि वेदना या दोन गोष्टी निराळ्या, हें खरें. पण आई चोळते, फुंकर घालते आणि बोलते, त्यांपैकीं कशानें गुण आला, हा प्रश्न येथें प्रथमच एका शास्त्रज्ञानें स्वतःच्या प्रयोगाविषयीं विचारलेला आपण पाहतों.

प्रश्न विचारणें ही एक गोष्ट, आणि त्याचें उत्तर काढण्याची युक्ति शोधणें ही दुसरी. ती युक्ति एका वैद्यानें या शतकाच्या अखेरीस काढली. अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांताचा रहिवासी एलिशा पर्किन्स यानें १७९६ सालीं दोन धातूंच्या लहान टोंकदार कांड्यांचें पेटंट घेतलें. दुखऱ्या भागावरून या कांड्या ओढीत नेल्या, कीं शरीरांतील विजेसारखा द्रव बाहेर खेचला जाऊन वेदना नाहींशी होते, असा त्याचा दावा होता. इंग्लंडांत ही जोडी पांच गिनी किंमतीला खपूं लागली, आणि तिनें बरे झालेल्यांत सुशिक्षित व प्रतिष्ठित माणसें पुष्कळ होतीं. बाथ शहरीं राहणाऱ्या जॉन हेगार्थ या वैद्यानें वादविवादांत वेळ घालविला नाहीं. त्यानें तशाच आकाराच्या लांकडी कांड्या करवून त्यांना धातूसारखा रंग दिला, आणि १७९९ च्या जानेवारींत रुग्णालयांतील जुनाट संधिवाताच्या पांच रोग्यांवर त्या चालविल्या. पांचांपैकीं चौघांनीं वेदना कमी झाल्याचें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं धातूच्या खऱ्या कांड्या वापरल्या, तेव्हांही परिणाम तसाच झाला. हेगार्थनें १८०० सालीं यावर पुस्तक लिहिलें. त्याचा विषय पर्किन्सच्या कांड्यांपुरता नव्हता. मनुष्याची कल्पना रोग कसा उत्पन्न करते आणि कसा बरा करते, हा होता.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. हेगार्थनें त्या चौघांना खोटारडे ठरविलें नाहीं. त्यांची वेदना खरी होती आणि ती कमी झाली हेंही खरें होतें. खोटी होती ती केवळ कांडीविषयींची समजूत. ज्याला हल्लीं 'प्लासीबो' म्हणतात, त्या लटक्या उपचाराचा हा सर्वांत बोलका जुना दाखला आहे. लांकडी कांडीच्या या कसोटीला एक अट मात्र असते : हातीं आलेली कांडी लांकडाची कीं धातूची, हें रोग्याला कळतां कामा नये. पुढील सर्व कथा या अटीभोंवतीं फिरते.

एकोणिसाव्या शतकांत विजेच्या सांखळ्या आणि विजेचे पट्टे यांचा बाजार भरला. पुल्व्हरमाखरच्या सांखळ्या इतक्या प्रसिद्ध होत्या, कीं फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' या कादंबरींतील औषधविक्याही त्या अंगावर घालतो. वैद्यकाच्या दृष्टीनें या बाजारांतून फारसें कांहीं हातीं लागलें नाहीं, म्हणून आपण सरळ विसाव्या शतकांत येऊं.

वेदनेविषयींची युरोपांतील रूढ कल्पना फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानें घालून दिलेली होती. त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ सालीं, फ्रेंचमध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें वेदनेला घंटेच्या दोरीची उपमा दिली. खालीं दोरी ओढली, कीं वर घंटा वाजते. तसा पायाला विस्तव लागला, कीं मेंदूंत वेदना उमटते. या कल्पनेंत वेदनेवर उपाय एकच : दोरी तोडणें. त्याप्रमाणें शस्त्रवैद्यांनीं ज्ञानतंतु तोडले, मज्जारज्जूंतील तंतुही तोडले. पण दोरी तोडल्यावरही कित्येकांच्या बाबतींत घंटा वाजतच राहिली. पाय कापून टाकलेल्या मनुष्याला नसलेल्या पायांत कळा येत, या गोष्टीचा तर उलगडाच होत नव्हता.

१९६५ सालच्या नोव्हेंबरांत कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनीं 'सायन्स' या नियतकालिकांत एक नवीन उपपत्ति मांडली. मज्जारज्जूच्या मागील भागांत जणूं एक दार आहे, असें त्यांनीं म्हटलें. वेदनेच्या वार्ता बारीक तंतूंनीं येतात, स्पर्शाच्या वार्ता जाड तंतूंनीं. जाड तंतूंवर वर्दळ वाढली, कीं दार लोटलें जातें आणि वेदनेच्या वार्तेला वाट मिळेनाशी होते. म्हणूनच गुडघा चोळला असतां दुखणें कमी वाटतें. आईच्या हाताला शास्त्राचा आधार मिळाला ! परंतु त्या लेखांत आणखीही एक गोष्ट होती. मेंदूकडूनही वरून खालीं आज्ञा येतात, आणि लक्ष, भावना व पूर्वानुभव यांच्यामुळें तें दार उघडतें किंवा लागतें, असें त्या दोघांनीं तेव्हांच बजावलें होतें. म्हणजे फुंकरीला आणि शब्दाला त्यांनीं वगळलें नव्हतें.

यंत्र करणाऱ्यांनीं मात्र पहिला अर्धा भाग उचलला. जाड तंतूंना विजेनें जागें ठेवलें, तर दार कायमचें लागेल, हा तर्क सरळ होता. १९६७ सालीं वॉल आणि शस्त्रवैद्य विल्यम स्वीट यांनीं ज्ञानतंतूंना विजेची चेतना देऊन रोग्यांची वेदना तात्पुरती थांबविल्याचें प्रसिद्ध केलें. तत्पूर्वीं त्यांनीं स्वतःच्या चेहऱ्याच्या ज्ञानतंतूंवर हा प्रयोग करून पाहिला होता. त्याच वर्षीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं नॉर्मन शीली या तरुण शस्त्रवैद्यानें एका रोग्याच्या मज्जारज्जूच्या मागील भागावर पहिलें विद्युत्यंत्र बसविलें. तें यंत्र तयार करण्यांत टॉमस मॉर्टिमर या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा मोठा वांटा होता. रोगी फुप्फुसाच्या असाध्य कर्करोगानें आजारी होता. यंत्र चालू केल्यावर त्याची वेदना कमी झाली. तो लवकरच मरण पावला. म्हणजे ज्या उपचाराचा पुढें वर्षानुवर्षांच्या दुखण्यांवर उपयोग झाला, त्याचा पहिला अनुभव अगदीं थोड्या काळाचा होता. शीलीनें स्वतः पुढें या शस्त्रक्रियेचा मार्ग सोडून शस्त्राविना होणाऱ्या उपचारांकडे मोर्चा वळविला. यंत्र मात्र सुधारत गेलें, आणि जगभर पसरलें.

या यंत्राला लांकडी कांडीची कसोटी का लागली नाहीं, असें तुम्ही विचाराल. शस्त्रक्रियेला अशी कसोटी लावतांच येत नाहीं असें नव्हे. छातींतील हृदयशूळासाठीं उरोभागाच्या एका रक्तवाहिनीला गांठ मारण्याची शस्त्रक्रिया एके काळीं लोकप्रिय झाली होती, आणि पुष्कळ रोगी तिनें सुखावत. १९५९ सालीं लेनर्ड कॉब आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं १७ रोग्यांपैकीं कांहींची खरी शस्त्रक्रिया केली, आणि बाकीच्यांना केवळ कातडीवर छेद दिला. कोणाला काय केलें, हें रोग्यांना कळूं दिलें नाहीं. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला, आणि ती शस्त्रक्रिया मागें पडली. कण्यांतील यंत्राची गोष्ट निराळी होती. तें चालू केलें, कीं दुखऱ्या भागांत झिणझिण्या येत. नव्हे, त्या नेमक्या त्याच भागांत याव्या म्हणून तार हलवून बसवीत. यंत्र चालू आहे कीं बंद, हें रोग्याला क्षणोक्षणीं समजत होतें. टॉर्पेडो माशावर उभ्या राहिलेल्या मनुष्याला मासा जिवंत कीं मेलेला हें कळूं द्यावयाचें नाहीं, हें जसें अशक्य, तसेंच हें. त्यामुळें चाळीसांहून अधिक वर्षें या यंत्राची तुलना लटक्या यंत्राशीं नीट होऊं शकली नाहीं.

तुलना झाली ती यंत्राची आणि नेहमींच्या उपचारांची. हॉलंडमध्यें दुखापतीनंतर हातापायांत उद्भवणाऱ्या एका चमत्कारिक व असह्य वेदनेवर ५४ रोग्यांचा प्रयोग झाला, आणि २००० सालीं तो प्रसिद्ध झाला. ३६ जणांसाठीं यंत्र आणि व्यायामोपचार अशी योजना होती, १८ जणांसाठीं केवळ व्यायामोपचार. सहा महिन्यांनीं यंत्राची बाजू स्पष्टपणें सरस ठरली. पण त्याच रोग्यांचा पांच वर्षांनंतरचा वृत्तान्त २००८ सालीं आला, तेव्हां दोन्ही गटांतील अंतर गणिताच्या कसोटीला उतरण्याइतकें उरलें नव्हतें. मौज अशी, कीं यंत्र बसविलेल्या बहुतेकांनीं 'असाच परिणाम मिळणार असेल तरी आम्ही पुन्हां हेंच करूं' असें सांगितलें. २००७ सालीं आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेले १०० रोगी त्यांत होते. सहा महिन्यांनंतर, यंत्रवाल्यांपैकीं शेंकडा ४८ जणांची पायाची वेदना निम्म्याहून उतरली होती. नेहमींच्या उपचारावर ठेवलेल्यांपैकीं केवळ शेंकडा ९ जणांची. आंकडे डोळे दिपविणारे आहेत. पण एका गटाला नवी शस्त्रक्रिया, नवें यंत्र आणि नवी आशा मिळाली होती. दुसऱ्याला पूर्वीं न लागू पडलेले उपचारच बहुतांशीं पुढें चालू होते. फ्रँक्लिनचा प्रश्न येथें जसाच्या तसा उभा राहतो.

तो सोडविण्याची संधि यंत्राच्या सुधारणेनेंच आणून दिली. गेल्या कांहीं वर्षांत अतिजलद अथवा गुच्छागुच्छानें ठोके देणारीं यंत्रें निघालीं. त्यांच्या योगानें झिणझिण्या न येतांही उपचार देतां येतो असें दिसून आलें. म्हणजे यंत्र चालू कीं बंद हें आतां रोग्याला कळणार नव्हतें. हेगार्थची लांकडी कांडी पुन्हां हातीं आली ! नॉर्वे देशांतील ट्रॉन्डहाइम शहरीं शास्त्रज्ञांनीं तिचा उपयोग केला. कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायांत कळा राहिलेले, आणि तात्पुरत्या तारेच्या चांचणींत आराम वाटलेले, असे ५० रोगी त्यांनीं घेतले. यंत्र सर्वांनाच बसविलें. मग प्रत्येकासाठीं तीन तीन महिन्यांचे चार कालखंड ठरविले. दोहोंत यंत्र गुच्छागुच्छानें ठोके देई, दोहोंत तें मुकाट पडून राही. क्रम चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलेला, आणि रोग्याला तो अज्ञात.

२०२२ च्या ऑक्टोबरांत या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. पाठदुखीनें दैनंदिन व्यवहारांत किती अडचण येते, हें शून्य ते शंभर गुणांच्या मापानें मोजलें होतें. आरंभीं सरासरी सुमारें ४५ गुणांची अडचण होती. यंत्र चालू असतां ती १०.६ गुणांनीं कमी झाली. बंद असतां ९.३ गुणांनीं. दोहोंतील फरक जेमतेम सव्वा गुणाचा, म्हणजे योगायोगानें सहज पडूं शकेल असा. पायाच्या आणि कमरेच्या वेदनेंतही म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. ५० पैकीं ९ जणांना या उपचारापायीं कांहीं ना कांहीं उपद्रव झाला, आणि त्यांतील ४ जणांवर पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली. जरा विचार करा : रोग्यांना बरें वाटलें होतें, हें निश्चित. पण बंद पडलेल्या यंत्रानेंही जवळजवळ तितकेंच बरें वाटलें होतें.

पुढील वर्षीं, २०२३ सालीं, वैद्यकीय पुराव्याची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेनें कंबरदुखीवरील १३ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत एकंदर ६९९ रोगी होते. सध्यांच्या पुराव्यावरून प्रयोगाबाहेर या यंत्राचा कंबरदुखीवर वापर करण्यास आधार मिळत नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याच वर्षीं अमेरिकेंतील विम्याच्या नोंदींवरून यंत्र बसविलेल्या १२६० रोग्यांची तसल्याच ६३०० रोग्यांशीं तुलना प्रसिद्ध झाली. दोन वर्षांच्या अखेरीस यंत्रवाल्यांचा अफूजन्य औषधांचा वापर इतरांहून कमी आढळला नाहीं. शेंकडा सुमारें १८ जणांना यंत्रामुळें उपद्रव झाला, आणि शेंकडा सुमारें २२ जणांचें यंत्र दुरुस्त करावें किंवा काढून टाकावें लागलें.

मग मज्जारज्जूपाशीं वीज सोडूनही वेदना का राहते ? याचीं कारणें अनेक आहेत. पहिलें अगदीं साधें : तार जागेवरून सरकते, तिच्याभोंवतीं व्रणासारखें कठीण आवरण तयार होतें, कधीं ती तुटते, कधीं जंतुसंसर्ग होतो. दुसरें असें, कीं शरीराला संवय होते. प्रारंभीं लागू पडलेला विजेचा ठोका पुढें पुढें निष्प्रभ होतो. तार नीट असते, डबी चालू असते, पण आराम ओसरतो. तिसरें कारण दुखण्याच्या स्वभावांत आहे. जुनाट वेदनेला भरती-ओहोटी असते. मनुष्य शस्त्रक्रियेला तयार होतो तो भरतीच्या ऐन वेळीं. त्यानंतर कांहींही केलें, किंवा कांहींच केलें नाहीं, तरी पाणी थोडें ओसरावयाचेंच. कायमचें यंत्र बसविण्यापूर्वीं कांहीं दिवस तात्पुरती तार घालून चांचणी घेतात. पण थोड्या दिवसांच्या चांचणींत ओहोटी, आशा आणि वीज यांना वेगळें करणें कठीण आहे.

चौथें कारण सर्वांत खोल आहे. दाराची उपमा सोयीची असली, तरी वेदना म्हणजे दाराबाहेर उभा असलेला पाहुणा नव्हे. यंत्र चालू असलेल्या मनुष्यालाही टांचणी टोंचली तर दुखतेंच. दार खरोखर लागलें असतें, तर तें दुखतें ना. १९८३ सालीं क्लिफर्ड वुल्फ या शास्त्रज्ञानें दाखविलें, कीं इजेनंतर मज्जारज्जूंतील पेशीच अतिसंवेदनशील होतात. मूळ जखम भरून आली, तरी ही चेतावलेली अवस्था राहूं शकते. मग साधा स्पर्शही कळ होऊन येतो. आणि अखेर वेदना जाणवते ती मेंदूला. दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरानें भयंकर जखमी झालेल्या सैनिकांची विचारपूस केली. त्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांशांना वेदनाशामक औषध नको होतें. त्या जखमेचा अर्थ त्यांच्यापुरता रणांगणांतून सुटका हा होता, असें बीचरला वाटलें. १९४६ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. घरीं बसून नोकरी गेल्याची, झोंप उडाल्याची आणि दुसऱ्यावर भार झाल्याची चिंता वाहणाऱ्या कंबरदुखीच्या रोग्याचा अर्थ याच्या अगदीं उलट असतो. १९७९ सालीं वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघानें वेदनेची व्याख्या केली, तेव्हां तिला संवेदना आणि भावना या दोहोंचा अनुभव म्हटलें. तारेचें टोंक या अनुभवाच्या एका कोपऱ्याला स्पर्श करतें. बाकीचें घर तसेंच राहतें.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नॉर्वेच्या प्रयोगांत ठोक्यांची योजना एकाच प्रकारची होती आणि प्रत्येकासाठीं ती जुळवून घेण्यास वाव थोडा होता, असा आक्षेप यंत्राच्या पुरस्कर्त्यांनीं घेतला आहे. कंबरदुखीवरून इतर दुखण्यांविषयीं सरसकट अनुमान काढूं नये, हेंही योग्य आहे. मधुमेहानें पायांच्या ज्ञानतंतूंना होणाऱ्या वेदनेवर यंत्राला अनुकूल असे प्रयोग प्रसिद्ध झालेले आहेत. मात्र ज्या प्रयोगांत रोग्याला सर्व ठाऊक असतें, त्यांचें मोल हेगार्थनंतर दोनशें वर्षांनीं तरी आपण ओळखलें पाहिजे. आणि ज्यांना या यंत्रानें आराम पडला आहे, त्यांनीं हें भाषण ऐकून तें काढावयास धांवूं नये. बहुतांशीं काय होतें हें प्रयोग सांगतो. तुमच्या पाठींत काय घडलें आहे, हें तुमच्या डॉक्टरांशीं बोलूनच ठरवावयाचें.

ज्यांच्यापुढें निर्णय अजून आहे, त्यांनीं मात्र कांहीं प्रश्न निःसंकोच विचारावे. माझ्यासारख्या दुखण्यावर या यंत्राची तुलना बंद यंत्राशीं झाली आहे का, कीं केवळ जुन्या औषधांशीं ? चांचणी किती दिवसांची, आणि आराम किती वर्षांचा ? तार सरकली किंवा डबी संपली, तर पुन्हां शस्त्रक्रिया केव्हां आणि किती खर्चाची ? आणि हें न करतां व्यायाम, झोंप, मनाचा उपचार व औषधांची नीट योजना यांना पुरेसा अवधि दिला गेला आहे का ? हे प्रश्न विचारल्यानें कोणा डॉक्टरांचा अपमान होत नाहीं. फ्रँक्लिननें ते स्वतःलाच विचारले होते.

शेवटीं एक गोष्ट घरांतल्या माणसांसाठीं. बंद यंत्रानेंही बरें वाटलें, हें ऐकून 'म्हणजे याचें दुखणें मनाचेंच' असा निवाडा देण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा. नॉर्वेतील ते पन्नास जण ढोंगी नव्हते, आणि बाथच्या रुग्णालयांतले ते चौघेही नव्हते. त्यांचीं हाडें आणि ज्ञानतंतु खरोखरच दुखत होते. आणि कोणीतरी आपल्याकडे लक्ष देत आहे, कांहीं तरी करीत आहे, एवढ्यानें त्यांतला कांहीं भाग खरोखरच उतरला. तेवढ्यासाठीं कण्यांत तार घालावीच लागते का, हा डॉक्टरांचा आणि संशोधकांचा प्रश्न. आपल्या हातीं आहे ती फुंकर. दुखणाऱ्या माणसाजवळ बसावें, त्याचें ऐकून घ्यावें, आणि त्याचें दुखणें खरें आहे, हें त्याला एकदां स्पष्ट शब्दांत सांगावें.